सुई जागची हलली

आमच्या उपकेंद्रात ३३,००० व्होल्ट येतात, त्यांचे ११,००० होतात आणि पाच फीडरनी गावागावांत जातात. २६ वर्षं मी तिथे यंत्रचालक आहे. दर तासाला प्रत्येक फीडरचा करंट लॉगशीटवर लिहायचा, ट्रिपिंग आलं की कारण शोधायचं, लाईनमनला परमिट द्यायचं, काम उरकलं की लाईन पुन्हा चालू करायची. विजेच्या सोबतीत इतकी वर्षं गेली, पण माझ्या स्वतःच्या डोक्यातली वीज मी पहिल्यांदा पाहिली ती पुण्यातल्या एका लहानशा खोलीत, वयाच्या ४९व्या वर्षी. ती मायक्रोव्होल्टमध्ये होती. एका व्होल्टचे १० लाख भाग केले तर त्यातले वीस-तीस भाग.

मला डिप्रेशन होतं. गोळ्या चालू होत्या, फरकही होता, पण अर्ध्या वाटेवर येऊन गाडी थांबली होती. तेव्हा डॉक्टरांना विचारून न्यूरोफीडबॅकची, म्हणजे स्वतःच्या मेंदूची वीज यंत्रावर बघत ती बदलायला शिकण्याची, ३० सेशन केली. त्याला आता अडीच वर्षं झाली. आमच्या खात्यातले लोक अधूनमधून मला बाजूला घेतात आणि खालच्या आवाजात विचारतात, "त्या मशीनने खरंच होतं का?" चहा पिता पिता देण्यासारखं हे उत्तर नाही. म्हणून लिहून ठेवतोय.

१. मीटर न बघता आकडे लिहू लागलो, तेव्हा समजायला हवं होतं

फीडर ट्रिप झाला तर वेळ मिनिटासकट लिहिता येते. हा आजार कधी सुरू झाला ते मला आजही सांगता येत नाही. रात्रपाळी नसतानाही पहाटे साडेतीनला जाग यायची आणि छातीवर कोणी तरी बसल्यासारखं वाटायचं. जेवण पोटात जायचं, चव लागायची नाही. गणपतीची आरास दरवर्षी माझ्याकडे असते, लाईटच्या माळा, कारंजं, सगळं. त्या वर्षी मुलीने पाट मांडला, तिनेच एक माळ सोडली आणि मला काही विचारलं नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही.

एका रात्री लॉगशीट चाळताना दिसलं की एकाच फीडरला मी सलग सहा तास एकच आकडा लिहिलाय. मीटरकडे पाहिलंच नव्हतं. वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवत गेलो होतो. एखाद्या नव्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला चांगला फैलावर घेतला असता.

आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. "दिष्ट लागली असंल रं," म्हणाली. तिच्या हातात जे होतं ते तिने केलं, आणि तेवढी पाच मिनिटं माझ्यासाठी कोणी तरी धडपडतंय हे मला जाणवलं, म्हणून मी तिला अडवलं नाही. डॉक्टरकडे मात्र मी गेलो ते बायकोच्या बोलण्यामुळे. "अहो, तुम्ही हसत नाही ते सोडा," ती म्हणाली, "तुम्ही आता चिडतसुद्धा नाही."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२, साखर सगळं तपासलं. हे आधी करून घ्यावंच, कारण थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असाच मंदावतो. रिपोर्ट चांगले आले आणि मला वाईट वाटलं. रक्तात काही सापडलं असतं तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. तिथून मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं. त्यात दर २० मोठ्या माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं असं दिसलं होतं. आमच्या उपविभागात शंभरावर माणसं आहेत. म्हणजे तिथे मी एकटा असणं शक्यच नव्हतं.

२. नवव्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं

पीएचक्यू-९ नावाची एक प्रश्नावली असते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. वीस किंवा त्याहून जास्त आले तर आजार तीव्र. पहिल्या दिवशी माझे १८ आले. पण नववा प्रश्न असतो तो मरणाच्या विचारांचा, आणि तिथे मी शून्य लिहिलं होतं, कारण बायको शेजारी बसली होती. ते उत्तर खोटं होतं.

पुढच्या वेळी मी एकटा आत गेलो आणि सांगितलं की मी नसतो तर बरं झालं असतं असं रोज वाटतं. मॅडम दचकल्या नाहीत. किती वेळा येतं, कधी येतं, काही ठरवलंय का, हे त्यांनी सरळ विचारलं. कोणी असं विचारलं म्हणून तो विचार वाढत नाही. मला तर इतके महिने एकट्याने उचललेलं ओझं जमिनीवर ठेवल्यासारखं झालं. त्यांनी त्याच दिवशी तीन गोष्टी केल्या. रात्रपाळी बंद करण्याचं पत्र दिलं, गोळ्या बायकोच्या ताब्यात द्यायला सांगितल्या, आणि दर आठवड्याला फोन करायचा असं ठरवून दिलं. आमच्या साहेबांनी पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला दिवसपाळी दिली. एक शब्द जास्त विचारला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

हे वाचताना कोणाच्या मनात तसा विचार येत असेल तर त्याने यंत्राबिंत्राचं नंतर बघावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आज फोन करा.

३. कोणी गोळी सोडा म्हणालं तर उठून यावं

मला एस्सिटालोप्रॅम दिली होती. सहा आठवड्यांत झोप सुधारली, पहाटेची जाग कमी झाली, पण कशात रस वाटेना. अशा वेळी माणूस घाई करतो. कोणाच्या तरी ओळखीने मी न्यूरोफीडबॅकच्या एका ठिकाणी गेलो. तिथे डोक्याला टोपी घालून मेंदूचा रंगीत नकाशा काढला. "हा लाल भाग दिसतोय ना, हेच तुमचं डिप्रेशन. २० सेशन करा, गोळ्या फेकून द्या." पैसे आगाऊ घेतले. मी २० सेशनचीही वाट पाहिली नाही, त्याच आठवड्यात गोळी बंद केली.

चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. विजेचा झटका मी खाल्लेला आहे, त्यामुळे तुलना नीट करू शकतो: तसाच, पण कवटीच्या आत. तिथे सांगितलं, तर म्हणाले, मेंदू जागा होतोय, चांगली खूण आहे. तिसऱ्या आठवड्यात पहाटेचे साडेतीन परत आले.

डॉक्टर मॅडमनी रागावण्याऐवजी समजावलं. या जातीची गोळी अचानक थांबवली की असे झटके येतात, त्याचा यंत्राशी काही संबंध नाही. थांबवायची वेळ आली की ती पायरी पायरीने कमी करतात, आणि बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने तरी चालू ठेवतात. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी सगळ्यांना सांगतो. नुसता मेंदूचा आलेख किंवा रंगीत नकाशा बघून डिप्रेशनचं निदान होत नाही. ते माणसाशी बोलून होतं.

मग त्याच म्हणाल्या, "करायचंच असेल तर गोळीसोबत करा. होईलच असं धरून जाऊ नका." आणि पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली. वयाने माझ्या मुलीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "काका, याने तुम्ही बरे व्हालच असं मी म्हणणार नाही." मी तिथेच थांबायचं ठरवलं.

४. यंत्र काय बघतं हे विचारून घ्यावं

डोक्याच्या कातडीवर तारा लावून मेंदूची वीज कागदावर उतरवण्याचं काम पहिल्यांदा केलं हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने, येना शहरात, १९२४ साली. पाच वर्षं त्याने ते छापलं नाही, १९२९ला छापलं, आणि त्यानंतरही बऱ्याच जणांचा विश्वास बसायला वेळ लागला. डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला आठ ते बारा वेळा येणारी एक लय त्याला दिसली. तिला त्याने अल्फा नाव दिलं. डोळे उघडले की ती मावळते. हा बर्गर स्वतः पुढे नैराश्याने ग्रासला आणि १९४१ साली त्याने आपलं आयुष्य संपवलं. ही गोष्ट मला उशिरा, मी सावरल्यावर वाचायला मिळाली. ज्याने आपल्या सगळ्यांच्या डोक्यात डोकावायची खिडकी उघडली त्याला स्वतःसाठी काही सापडलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

अल्फा म्हणजे साधारणपणे त्या भागाची विश्रांती. जिथे अल्फा जास्त, तिथे काम कमी. अमेरिकेत रिचर्ड डेव्हिडसन आणि इतर संशोधकांना असं दिसलं होतं की उदास माणसांपैकी काहींच्या मेंदूचा डावा पुढचा भाग उजव्यापेक्षा मंद असतो, म्हणजे डावीकडे अल्फा जास्त असतो. त्यावरून १९९०च्या दशकात ही पद्धत निघाली: डाव्या-उजव्या भागातला तो फरक यंत्राने सतत मोजायचा, आणि डावी बाजू जागी होऊ लागली की माणसाला लगेच आवाजाने किंवा चित्राने कळवायचं. करंट आत सोडत नाहीत. पुष्कळांना तसं वाटतं, माझ्या आईलाही वाटलं होतं. यंत्र फक्त वाचतं आणि दाखवतं.

माझ्या डोक्यावर दोन जागा ठरलेल्या होत्या, डावीकडे एफ-३, उजवीकडे एफ-४. विषम आकडे डावीकडे, सम उजवीकडे, अशी सगळ्या जगात एकच पद्धत आहे. आमच्या खांबांच्या नंबरसारखीच. आधी खरखरीत जेलने कातडी घासायची, मग पांढरी दाट पेस्ट, तिच्यात वाटीसारखी तार, कानाला चिमटा.

एक कच्चा दुवा त्या सायकॉलॉजिस्ट मुलीने स्वतःहून सांगितला. डाव्या-उजव्याचा हा फरक प्रत्येक उदास माणसात दिसत नाही आणि पुष्कळ आनंदी माणसांतही दिसतो. आधीचे अभ्यास २०१७ साली एकत्र करून तपासले तेव्हा निदानाची खूण म्हणून तो टिकला नाही. माझ्यात थोडासा होता. "थोडासा" हा तिचाच शब्द.

५. पडद्यावरचं सगळं मेंदूचं नसतं

तिसऱ्या सेशनची गोष्ट. पडद्यावरची रेघ जाड झाली होती, सुतळीसारखी. तिने वायर काढल्या, कातडी पुन्हा घासली, पुन्हा पेस्ट लावली, तरी रेघ तशीच. मी गप्प बसलो होतो, कारण त्या दिवसांत मी गप्पच असायचो. पण रेघेकडे बघता बघता वाटलं, ही ओळखीची आहे. सारख्या अंतराने सारखी वर-खाली. तिला म्हटलं, जरा मोठी करून दाखवा. सेकंदाच्या दहाव्या भागात पाच लाटा मोजल्या. सेकंदाला ५०.

"मॅडम, हे माझं डोकं नाही. ही आमची लाईन आहे."

देशभराची वीज ५० हर्ट्झवर चालते आणि भिंतीतल्या वायरिंगमधून ती आपल्या अंगात जराशी उतरते. एक तार नीट चिकटली नसेल किंवा अर्थिंग खराब असेल तर मेंदूच्या वीस-तीस मायक्रोव्होल्टवर ती सहज स्वार होते. लॅपटॉप चार्जरवर होता, चार्जर टू-पिनचा, आणि तो एका जुन्या एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेला. चार्जर काढायला सांगितला. रेघ बारीक झाली. पुढच्या खेपेला टेस्टर आणि पक्कड घेऊन गेलो, सॉकेट उघडलं. अर्थची वायर नुसती लोंबत होती. ती आवळली.

काम झाल्यावर ती म्हणाली, "काका, तुम्ही आज पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसलात." मला ते कळलंच नव्हतं. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा मला एखादी गोष्ट जाणून घ्याविशी वाटली होती. घरी येताना बसमध्ये मी बायकोला अर्थिंग म्हणजे काय ते समजावून सांगत होतो आणि ती, जिला हे सगळं २० वर्षं पाठ आहे, मन लावून ऐकत होती.

या निमित्ताने कळलेलं एवढं लक्षात ठेवावं. पापणी लवली तरी मेंदूच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठी लाट येते. दात आवळले, कपाळाला आठी घातली, तर स्नायूंची वीज येते आणि ती वेगवान लहरींसारखीच दिसते. जिथे जाल तिथे विचारा, हे वेगळं कसं काढता? उत्तर द्यायला जमलं नाही तर तुम्ही तीस दिवस जबड्याचं प्रशिक्षण घ्याल.

६. जोर लावला की तानपुरा थांबायचा

माझ्या सेशनला तानपुऱ्याचा आवाज लावला होता. डावी बाजू ठरलेल्या रेषेच्या पुढे गेली की तानपुरा चालू, मागे आली की बंद. ती रेषा अशी ठेवायची की निम्म्याहून जास्त वेळ आवाज मिळावा, म्हणजे माणूस हिरमुसत नाही.

पहिले पाच-सहा दिवस मी झटलो. आवाज यायलाच हवा म्हणून डोळे ताणून पडद्याकडे बघायचो, मनात चांगलं चांगलं आणायचो. तानपुरा दोन सेकंद वाजायचा आणि थांबायचा. थांबला की मला वाटायचं, बघ, एवढंही जमत नाही. डिप्रेशनमधल्या माणसाला स्वतःविरुद्ध पुरावा लागतोच, आणि इथे तर तो मशीनमधून मिळत होता. ती म्हणायची, काही करू नका, फक्त ऐका. हे सांगणं सोपं. २६ वर्षं ज्याने ट्रिपिंग आलं की धावायचं एवढंच केलंय त्याने काही करायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं?

नवव्या दिवशी दमलो होतो. बस उशिरा आली होती, जेवण झालं नव्हतं. प्रयत्न सोडून दिला आणि मन कुठेतरी भरकटलं. बऱ्याच वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली एक रात्र आठवली. वादळात झाडं पडली होती, चार गावं दोन दिवस अंधारात होती. लाईनमन पोरं चिखलात उभी राहून काम करत होती. पहाटे फोन आला, "लाईन मोकळी आहे, चार्ज करा." मी ब्रेकर चालू केला. अँमीटरची सुई आधी थरथरली, मग हळूहळू वर चढू लागली. दहा, पंधरा, बावीस. एकेक घर, एकेक पंखा, एकेक देवघरातला दिवा त्या सुईत येत होता. कंट्रोल रूमच्या खिडकीतून लांबवरची वाडी दिसायची, तीही उजळली.

तानपुरा वाजत होता हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. लक्षात आलं आणि थांबला. पण मधला जो वेळ होता तो तिने मोजून सांगितला: एक मिनिट चाळीस सेकंद.

रोज तीच आठवण आणली तर ती विटते, हेही सांगतो. चार दिवसांत तिच्यातला जीव गेला. मग मी आठवणी बोलवायचं सोडलं, येईल ते येऊ दिलं.

७. ध्यान करा, फुकटात होईल, असं म्हणणाऱ्यांना

त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ज्या १९२४ साली बर्गरने पहिला आलेख काढला, त्याच साली आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं, योगाची शास्त्रीय तपासणी करायला. १९६१ साली दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छीना आणि सिंग या तिघांनी ध्यानात बसलेल्या योग्यांच्या लहरी मोजल्या, तेव्हा बाहेरून त्रास दिला तरी त्यांचा अल्फा मोडला नाही. आपल्याकडे हे ज्ञान जुनं आहे.

पण आजार भरात असताना डोळे मिटून एकट्याने बसणं मला झेपलं नाही. आत जे होतं ते अजून मोठं व्हायचं. तानपुरा दर क्षणाला उत्तर द्यायचा, त्यामुळे मी त्या खोलीत एकटा नव्हतो. आता बरा असताना पहाटे २० मिनिटं बसतो, जमतं.

८. पैशाचं आधी बोलून घ्यावं

तेव्हा एका सेशनचे १,५०० रुपये होते, म्हणजे ३० चे ४५,०००. शिवाय सातारा-स्वारगेट दोघांचं तिकीट, आठवड्यातून दोनदा, १५ आठवडे. माझ्या विम्यात भरती न होता घेतलेले उपचार बसत नव्हते, त्यामुळे सगळं पदरचं. त्यातले काही पैसे मुलीच्या क्लासचे होते. कर्ज काढून हे कोणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळ्या आणि समुपदेशन यांना जो भक्कम आधार आहे तो याला अजून नाही, आणि सरकारी दवाखान्यात ते जवळजवळ फुकट मिळतात.

९. कशाने बरं वाटलं, याचा हिशेब

तीस सेशन झाल्यावर माझे पीएचक्यूचे गुण सहा होते. सुरू करताना १४ होते. नवव्या प्रश्नाला शून्य लिहिलं आणि या खेपेला ते खरं होतं. मग मशीनने झालं असं म्हणायचं का?

फीडर वारंवार ट्रिप होत असेल आणि आपण एकाच दिवशी फांदी तोडली, इन्सुलेटर बदलला आणि जंपर आवळला, तर दोष नेमका कशात होता ते कधीच कळत नाही. माझं तसंच झालं. रात्रपाळी सुटली होती. गोळी पुन्हा नीट चालू झाली होती आणि तिचा डोसही वाढवला होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बायको बरोबर यायची. लग्नानंतर आम्ही दोघं इतका वेळ शेजारी शेजारी कधी बसलोच नव्हतो. खंबाटकीचा बोगदा आला की ती पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढायची. स्वारगेटला उतरून अमृततुल्यात चहा. मग ती शहाणी मुलगी ४५ मिनिटं फक्त माझ्याकडे लक्ष देऊन बसायची, आणि अर्थिंगची वायर सैल आहे हे मी सांगितलं तर ऐकायची. यातलं कोणतं किती?

संशोधकही याच प्रश्नापाशी अडलेत. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये झोप न येणाऱ्या लोकांवर केलेला एक अभ्यास २०१७ साली छापून आला. त्यांना काही दिवस खरं प्रशिक्षण दिलं, काही दिवस लटकं. लोकांना दोन्हींनी सारखंच बरं वाटलं. याउलट त्याच वर्षी अमेरिकेत टल्सा इथल्या संशोधकांनी वेगळ्या मार्गाने काम केलं. त्यांनी तारा लावण्याऐवजी एमआरआयमध्ये झोपवून, सुखाची आठवण काढताना मेंदूच्या खोल आत असलेला अमिग्डाला नावाचा भाग जागा करायला शिकवलं. तिथे खरं प्रशिक्षण मिळालेल्या १९ पैकी १२ जणांची लक्षणं निम्म्याहून कमी झाली, मेंदूच्या वेगळ्याच भागाचं प्रशिक्षण मिळालेल्या १७ पैकी दोघांची. आकडे लहान आहेत, यंत्र करोडोंचं आहे, साताऱ्याच्या माणसाला ते कधी मिळेल कोण जाणे. पण सुखाच्या आठवणीचं ते वाचलं आणि मला माझी अँमीटरची सुई आठवली.

मला जे पटलंय ते सांगतो, ते शास्त्र म्हणून घेऊ नका. डिप्रेशनमध्ये असताना माझी खात्री होती की हे असंच राहणार. कोणी कितीही समजावलं तरी ते खोटं वाटायचं, कारण आतून तसं काही दिसत नव्हतं. त्या खोलीत मी दर मिनिटाला बघत होतो की माझ्या डोक्यातलं काही तरी बदलतंय. कधी चांगल्या बाजूला, कधी वाईट, पण ते जागेवर थांबलेलं नव्हतं. आयुष्यभर मीटरवर विश्वास ठेवलेल्या माणसाला हे मीटरवरच दाखवायला हवं होतं. माझ्या बहिणीला कदाचित हेच एखाद्या मैत्रिणीने सांगितलेलं पटेल, दुसऱ्या कोणाला कीर्तनात पटेल. मशीनने माझ्या लहरी किती बदलल्या ते मला माहीत नाही. मशीनवर माझा विश्वास बसला, एवढं नक्की.

१०. वही अजून चालू आहे

त्या मुलीने पहिल्या दिवशी सांगितलं होतं की रोज थोडं लिहून ठेवा. मी लॉगशीटसारखे रकाने आखले. झोपेचे तास, भूक, रस, प्रत्येकाला शून्य ते दहा, रोज रात्री नऊला. आकडा बघून लिहायचा, कालचा उतरवायचा नाही, एवढा एकच नियम. या वहीमुळेच मागच्या वर्षी दिवाळीनंतर झोप सलग पाच दिवस घसरलेली दिसली आणि मी थांबलो नाही, डॉक्टर मॅडमना फोन केला. सेशन पुन्हा घेतली नाहीत, गोळीचं त्यांनी बघितलं आणि दोन आठवड्यांत आकडा जागेवर आला.

चौथा रकाना बायकोने घालायला लावला. चिडण्याचा. तो तिनेच भरायचा असं ठरलं. कित्येक आठवडे त्यात तिने रोज एक आडवी रेघ ओढली आहे. बाविसाव्या सेशननंतरच्या शनिवारी मात्र त्या चौकोनात तिच्या अक्षरात लिहिलंय: "चिडले. रा. ८.४०. आमटीत मीठ." आणि पुढे दहापैकी दहा.